चार वाजून सहा मिनिटं

चोरबाजारातून मी अकरा पितळी बटणं आणली.
बारावं मिळेना, ते साच्यात ओतून घेतलं
आणि मिठाच्या पाण्यात ठेवून रात्रीत म्हातारं केलं.
ओळखा बघू खोटं कुठलं, मी युनिटभर विचारत फिरलो.
कुणालाच ओळखता आलं नाही.
किती फुगलो होतो मी त्या दिवशी.

गोरेगावच्या डोंगराआड आम्ही व्हिक्टोरिया गोदी बांधली,
प्लायवूडची, एकाच बाजूनं.
मागं बांबू, बांबूंमागं स्पॉटबॉयचा चहा.
जहाजाला पोट नव्हतं.
खऱ्या जहाजाच्या पोटात कापूस आणि दारूगोळा
शेजारी शेजारी झोपले होते.

चव्वेचाळीसचा एप्रिल, चार वाजून सहा मिनिटं.
दिग्दर्शक म्हणाला, चारचं ऊन चपटं असतं,
आपण साडेसहाला उडवू.
मी वहीत लिहिलं : सूर्य अडीच तास उशिरा.
सोन्याच्या विटा मात्र उडाल्या त्याच्या दुप्पट उडवल्या,
विटांबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

बंबवाला रुक्माजी घाडी संहितेत शिडीवर चढतो
आणि अख्ख्या मुंबईला उद्देशून सव्वा मिनिट बोलतो.
त्याच्या ताटात पुरणपोळी आहे,
कारण बोंबील, म्हणे, पडद्यावर कळत नाहीत.

त्याची मुलगी सेटवर आली. अनसूयाबाई, वय चौऱ्याऐंशी,
डोंगरीहून टॅक्सीनं, नातवाचा दंड धरून.
प्रॉडक्शननं शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले.
ती पुरणपोळीकडे बघत राहिली.
मग मलाच विचारलं (माझ्या हातात सुईदोरा होता,
घरचा वाटलो असेन) :
'ह्या कोणाचा ताट?'

'बापूस माझो काय बोलाक नाय रे.
जेवान अर्धा टाकून उठलो. पाळी पण त्येची नव्हती.
पाटलाचा पोर तापान फणफणलेला, म्हणान त्येच्या बदली गेलो.'

पाटील संहितेत कुठंच नव्हता.
'मग पाटलाचं काय झालं?'
'जगलो की. खूप जगलो. दर दिवाळेक येयचो.
उंबऱ्याच्या भायर बसायचो.
भितर कधी येवक नाय.'

हे मी धावत जाऊन दिग्दर्शकाला सांगितलं.
वाईट माणूस नव्हता तो. सिगारेट विझवून ऐकलं,
थोडा वेळ डोंगराकडे बघितलं, आणि म्हणाला,
उंबऱ्याबाहेर बसलेला माणूस दाखवायचा कसा?
तो काही करतच नाही.

चित्रपट लागला. आरंभी पाटी येते,
सत्य घटनेवर आधारित.
कुणी कुणाला आधार दिला ते पाटी सांगत नाही.
लोक रडले.
मीसुद्धा, शिडीपाशी, बटणं चमकली तेव्हा.

महिन्याभरानं डोंगरीला गेलो, खऱ्या बटणांची पुडी घेऊन.
तिला देऊन टाकावीत असं का वाटलं कोण जाणे.
भिंतीवर बापाचा फोटो नाही. कधी काढलाच नव्हता.
चार वर्षांची होती ती; तिच्या वाट्याला
फक्त एक पाठ आली होती, दारातून बाहेर पडणारी,
आणि मोरीत सांडलेलं हात धुतल्याचं पाणी.
एवढ्यावर तिनं ऐंशी वर्षं काढली.

'आता डोळे मिटले काय,' ती म्हणाली,
'तुमचो हिरो दारात थांबता.
वळान माझ्याकडे बगता.'
आणि जरा वेळानं,
'बापूस वळाक नाय.'

रागावली नव्हती. चहा ठेवते म्हणाली.
मी पुडी सोडून बटणं तिच्या पदरात मोजून घातली.
बारा भरली.
पुन्हा मोजली. त्यातलं खोटं कुठलं,
आता मलाही ओळखू येईना.